उंबऱ्याबाहेरची पावलं

उसाच्या चरकाचं तुटलेलं दातेरी चाक सांगलीच्या ओतशाळेत टाकल्यावर मिस्त्रीनं तीन वाजता या म्हणून सांगितलं, आणि भाऊसोपुढं अख्खी दुपार मोकळी पडली. तसं झालं नसतं तर तो चित्रं बघायला गेलाच नसता. चित्रं हे त्याच्या धाकट्या भावाचं, नाथाजीचं खूळ. लहानपणी नाथाजी गोठ्याच्या भिंती कोळशानं भरवायचा आणि त्यापायी मार खायचा. आता तो सांगलीतच एका हायस्कुलात ड्रॉइंगमास्तर झाला होता. दिवाळीला गावी, धामवडीला आला तेव्हा जाता जाता म्हणाला होता की, आपल्या एका चित्राला बक्षीस लागलंय आणि ते महिनाभर एका शाळेच्या हॉलात टांगलेलं असणार आहे. बघायला या, असं मात्र तो म्हणाला नव्हता. भाऊसोला ते त्या वेळी जाणवलं नाही.

हॉलात कोटटोपीवाली पाचपंचवीस माणसं होती. भाऊसो मुंडाशाच्या शेमल्यानं तोंड पुसत भिंतीकडेनं चालू लागला. डोंगर, देवळं, घाटावरच्या बाया, एक बैलजोडी. बैलांची वशिंडं चुकली होती, हे त्याला कळलं. तिसऱ्या भिंतीवर लाल फीत लावलेलं मोठं चित्र होतं आणि त्यापुढं गर्दी होती. खालच्या कागदावर लिहिलं होतं, ‘दुपार’. त्याखाली नाथाजीचं नाव.

चित्राच्या मधोमध एक दार होतं. आतल्या अंधारात एक बाई दाराकडं पाठ करून बसलेली, कडेनं दिसणारी, हात मांडीवर सोडलेले. उंबऱ्याला लागून एक म्हातारी आडवी झोपलेली, तोंडावर पदर. आणि दारापलीकडं, कडक उन्हात, एका माणसाची अनवाणी पावलं. माणूस गुडघ्यापर्यंतच दिसत होता, वरचा सगळा चौकटीनं कापला होता. त्याची सावली मात्र उंबरा ओलांडून, म्हातारीच्या अंगावरून, थेट बाईच्या पाठीपर्यंत गेली होती.

दाराच्या खालच्या फळीला रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. तो पत्रा भाऊसोनं स्वतः ठोकला होता, रस्ते-पूल बांधणाऱ्या सफरमैना पलटणीत भरती होऊन खडकीला गेला त्याच्या आदल्या दिवशी. मग त्यानं बाईकडं बघितलं. तिच्या उघड्या दंडावर गोंदलेली तुळस होती. ती पाठ त्याच्या बायकोची होती, शालूबाईची. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या छावणीत साडेतीन वर्षं त्यानं जिची पाठ, जिचा दंड, जिचं चालणं आठवून आठवून दिवस काढले, ती आता सांगलीच्या भिंतीवर होती.

पुढं उभे असलेले दोघं वकिलासारखे दिसत होते. एकजण म्हणाला, नवरा लढाईवर गेलेला दिसतोय. दुसरा म्हणाला, सासू राखण करतेय, पण बिचारीचा डोळा लागला. दोघं हळूच हसले. मग पहिल्यानं काठीच्या टोकानं बाईची पाठ दाखवली.

“ही खरी गंमत. तो आलाय हे तिला कळलंय. पण ती वळत नाही, उठत नाही. वाट बघत असल्यासारखी बसलीय.”

भाऊसोनं चित्राकडं पुन्हा बघितलं, आणि आता त्यालाही ती वाट बघत असल्यासारखीच दिसली. ते वाक्य ऐकलं नसतं तर तसं दिसलं असतं का, हे पुढं त्याला कधीच ठरवता आलं नाही. तो लढाईवर असताना घरात तरणी माणसं दोनच होती, चुलतभाऊ दादासो आणि नाथाजी. आणि हे चित्र नाथाजीनं काढलं होतं. जो दारात जाऊन उभा राहिला, त्याच्याशिवाय हे कोण काढणार?

तीन वाजता त्यानं चाक ताब्यात घेतलं. माधवनगरला आगगाडीत बसल्यावर ते गार, जड चाक त्यानं ताकारी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

*

बनुबाईनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि काहीतरी झालंय हे ओळखलं. जपान्यांच्या छावणीतून हाडांचा सापळा होऊन आला होता, तेव्हासुद्धा त्यानं पहिल्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या होत्या. आज ताट पुढं आलं तसं त्यानं बाजूला सारलं. शालूबाई वाढायला वाकली तेव्हा त्यानं मान फिरवली. तीही आत गेली.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी भाऊसो घरामागच्या परड्यात आला. बनुबाई शेणी थापत होती. तो जवळ उकिडवा बसला आणि त्यानं विचारलं की, मी नव्हतो तेव्हा तू शालूच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपत होतीस का. दुपारीसुद्धा.

बनुबाईचे हात थांबले. “व्हय,” ती म्हणाली.

“कशापायी?”

याचं उत्तर तिच्याजवळ चार वर्षं तयार होतं.

घर तिच्या थोरल्या दिराचं होतं, लालासाहेबांचं. तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा भाऊसो नऊ वर्षांचा होता आणि नाथाजी पाच. लालासाहेबांनी त्यांना टाकलं नाही. आपल्या लेकाच्या, दादासोच्या ताटात जे पडलं तेच या दोघांच्या ताटात पडलं. नाथाजीला सांगलीला शिकायला त्यांनीच धाडलं. गावात तंटा झाला की लोक त्यांच्या पुढच्या सोप्यावर येत, आणि ते सांगतील ते घेऊन जात. त्यांच्या वहाणा करकर वाजत. ते येताहेत हे तीन घरं आधी कळे, बाया पदर सावरत, पोरं गप्प होत.

भाऊसो बेपत्ता झाल्याची तार आली त्या सालच्या गुऱ्हाळात एक दिवस बनुबाई ताप आल्यानं घरी राहिली होती. तिच्यापाशी शालू, बाकी सगळं घर मळ्यात. दुपारी तिला वहाणांची करकर ऐकू आली, ती सोप्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. माणूस मागं गेला नाही. वहाणा काढून पुढं आला. तेवढ्यावरून तिला समजलं. ती अंथरुणावरून उठली आणि शालूच्या दारात जाऊन आडवी झाली. पावलं दारापाशी आली, उभी राहिली, मग वळली. तिनं तोंडावरचा पदर काढला नाही, आणि ती जागी आहे हे त्यांना कळलं की नाही, हे तिलाही कळलं नाही.

त्या दिवसापासून तिनं मळ्यात जाणं सोडलं. गाव म्हणालं, सासू सुनेवर पहारा ठेवतीय, म्हणजे सुनेतच काहीतरी असेल. बनुबाईनं ते म्हणू दिलं. खरं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? आणि ऐकलं असतं तरी बोल शालूलाच लागला असता.

आता लेक समोर बसून विचारत होता. हे पोरगं बंदूक चालवायला शिकलेलं, माणसं मरताना बघून आलेलं. त्याच्या कानावर ते नाव घातलं तर भिंतीला टेकलेली कुऱ्हाड किती लांब होती?

“येकटी हुती ती,” बनुबाई म्हणाली. “म्हनून झोपत हुते.”

भाऊसो उठला. आई काहीतरी लपवते आहे हे त्याला दिसलं, आणि ती धाकट्या लेकाला लपवते आहे, असा त्यानं अर्थ लावला.

*

दादासोला हे सगळं भाऊसोनंच सांगितलं, उसाला पाणी लावताना. दोघं एका वयाचे, एका ताटात जेवलेले. दादासोनं ते आपल्या बापाच्या कानावर घातलं, कारण घरात काही झालं की ते आबांच्या कानावर घालायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानं सांगितलं ते असं, की नाथाजीनं शालूवैनीचं चित्र काढलंय, आणि तिच्या दारात आलेला गडी म्हणून स्वतःलाच काढलंय.

लालासाहेबांनी भराभर हुकूम सोडले. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, गुऱ्हाळ बंद असतं. त्या दिवशी सगळ्यांनी घरी राहायचं. वडूजहून आपल्या बहिणीला, मनुबाईला बोलावून घ्यायचं. आटपाडीला शालूच्या भावाला सांगावा धाडायचा, की बहिणीला न्यायची तयारी ठेव. आणि नाथाजीला चित्रासकट यायला सांगायचं.

“चित्र कशाला, आबा?” दादासोनं विचारलं होतं.

“समद्यांनी बगाय पायजे. मागनं कुनी म्हनाय नगं, लालासाहेबानं ऐकीव गोष्टीवर पोराला घराभाईर काढलं.”

अमावस्येच्या आदल्या दिवशी ताकारी स्टेशनावर दादासो बैलगाडी घेऊन गेला. नाथाजी उतरला तो जुन्या सतरंजीत गुंडाळलेली पुरुषभर चौकट घेऊन. दोघांनी ती गाडीत आडवी घातली. वाटेत दादासोनं मनातलं सगळं बोलून घेतलं. भाऊसो तिकडं मरणाच्या दारात आणि तुला हे सुचलं, शालूवैनीनं तुला लेकासारखं वाढलं, आबांनी शाळा दिली, असं बरंच. नाथाजी चाकाच्या आवाजाकडं कान लावून बसला होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

“तू बगितलंस का चित्र?”

“मला काय बगायचंय?”

“मग बगशील तवा बोल,” नाथाजी म्हणाला.

दादासोला त्याच्या आवाजात गुन्हेगार सापडेना, आणि त्यामुळं तो जास्तच संशयानं त्याच्याकडं बघू लागला. मार खाल्लेलं जनावर जसं बसतं तसा नाथाजी बसला होता. पण मार कुणाचा, हे काही त्याच्या तोंडावर नव्हतं.

अमावस्येला सकाळची जेवणं झाल्यावर सगळी सोप्यात जमली. लालासाहेब घोंगडीवर बसले. त्यांच्या उजव्या हाताला मनुबाई, साठी ओलांडलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा शब्द लालासाहेबही मोडत नसत, म्हणून तर तिला आणलं होतं. ती आल्यापासून शालूबाईच्या हातचं पाणीही प्याली नव्हती. भाऊसो खांबाला टेकून उभा. बनुबाई माजघराच्या दारात, आणि तिच्या मागं अंधारात शालूबाई.

लालासाहेबांनी आधी बोलून घेतलं. आवाज चढवला नाही. घराची अब्रू, पलटणीत गेलेल्या माणसाचा विश्वास, परक्या शहरात चारचौघांनी घरच्या लेकीसुनेची पाठ बघणं, हे सगळं त्यांनी संथपणे मांडलं. शालूनं माहेरी जावं. कायमचं म्हणत नाही, पण जावं. नाथाजीनं पुन्हा या घरात पाऊल टाकू नये. मग ते म्हणाले, आता दाखव.

नाथाजीनं सतरंजीच्या गाठी सोडल्या आणि चित्र समोरच्या भिंतीला उभं केलं. दाराचं ऊन नेमकं त्यावर आलं.

दादासोनं पहिल्यांदा शालूवैनीच बघितली, सगळे बघतात तशी. मग उंबऱ्यावरची काकी. मग त्याचे डोळे सावलीवरून मागं मागं जात उन्हातल्या पावलांवर आले, आणि तिथंच राहिले.

डावं पाऊल सरळ होतं. उजवं बाहेरच्या अंगाला वळलेलं होतं, टाच आत, अंगठा लांब, सगळं वजन बाहेरच्या कडेवर. दादासोनं ते पाऊल रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन चोळलं होतं. बारा वर्षांपूर्वी घोड्यावरून पडल्यावर वैदूनं हाड उलटं बसवलं तेव्हापासून ते तसंच होतं. पावसाळ्यात दुखायचं. चिखलात उमटलं तर गावातलं लहान पोरसुद्धा सांगायचं, कोण गेलंय.

त्यानं मान वर केली नाही. पण आत्याच्या, मनुबाईच्या बांगड्या एकदाच वाजल्या. भाऊसो खांबापासून सुटला आणि दोन पावलं चित्राजवळ आला. सांगलीत तो बायकोकडंच बघत राहिला होता, पावलांकडं त्यानं बघितलंच नव्हतं. आता तो खाली वाकून बघत होता.

एका माणसाला मात्र काही समजलं नव्हतं. माणसाला स्वतःची चाल दिसत नाही. लालासाहेब चित्राकडं बघून बोलतच होते.

“ही बगा नीट. त्वांड दावलं न्हाई. का दावलं न्हाई? चोराला त्वांड नसतंय. वहाना काडून आलाय, आवाज नको म्हनून. असली अक्कल असनारा गडी...”

“दादा,” मनुबाई म्हणाली, “गप ऱ्हा.”

ते थांबले. बहिणीनं त्यांना उभ्या जन्मात असं म्हटलं नव्हतं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कुणीच त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हतं. सगळे त्यांच्या घोंगडीवरच्या पायाकडं बघत होते. ते उजवं पाऊल त्यांनी हळूच धोतराखाली ओढून घेतलं, आणि तसं केल्यावरच त्यांना चित्र ओळखू आलं.

“चित्र हाय हे,” ते म्हणाले. “चित्रात मानूस काय बी काडतो. ह्यानं माज्यावर सूड घेतलाय. खाल्ल्या घराचं वासं मोजनारी जात.”

“नाथा,” भाऊसोनं विचारलं, “तू कुठं हुतास?”

नाथाजीनं सांगितलं. शाळेला सुट्टी लागली म्हणून तो न कळवता आला होता. परड्याच्या दारानं माजघरात शिरला, आणि आतल्या अंधारातून त्याला हे दिसलं. हे एवढंच, चित्रात आहे तेवढंच. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग पावलं वळली.

“मंग तू काय केलंस?”

“परड्याच्या दारानं परत गेलो. संध्याकाळी आलो. आत्ताच आल्यावानी.”

भाऊसोनं चुलत्याकडं मान वळवली. दादासोला वाटलं, आता काय व्हायचं ते होणार, आणि आपण कुणाच्या बाजूला उडी घ्यायची हे त्याला ठरवता येईना. बाप तर बापच होता. पण त्याआधी बनुबाई उठली. आयुष्यभर दिरासमोर तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तो आजही ढळला नाही. पण बोलली ती थेट त्यांच्याशी.

“सोळांदा,” ती म्हणाली. “चार सालांत सोळांदा त्या वहाना सोप्यात थांबल्या. म्या मोजल्यात. उंबरा कवा वलांडला न्हाई, कारन म्या वलांडू दिला न्हाई. थोरलं भावजी, माजी लेकरं तुमी वाडवली, त्ये म्या कवा इसरले न्हाई. म्हनून गप बसले. पर आज तुमी माज्या सुनंला तिच्या म्हायारी घालवाय निगाला.”

लालासाहेब उठू लागले तेव्हा पाय अवघडलेला होता. रोजच्या सवयीनं त्यांनी हात पुढं केला, दादासोनं धरावा म्हणून. दादासो जागचा हलला नाही. ते स्वतःच भिंत धरून उठले आणि मळ्याकडं निघून गेले. मनुबाई उठून बनुबाईच्या शेजारी जाऊन बसली, आणि बऱ्याच वेळानं तिनं शालूबाईकडं पाणी मागितलं.

*

शालूबाईनं पाणी दिलं, तांब्या परत घेतला, आणि मोरीत जाऊन घासला. घासायची गरज नव्हती. सोप्यात इतकी माणसं तिच्याबद्दल बोलली, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढच्या दहा दिवसांत वाटण्या झाल्या. आरडाओरड झाली नाही. वडूजला परत जाण्याआधी मनुबाईनंच ते काम उरकलं. विहिरीकडचा मळा आणि तिथली दोन खणांची वस्ती बनुबाईच्या लेकांकडं आली. दादासोनं बापाची बाजू घेतली नाही आणि सोडलीही नाही. वस्तीवर कौलं चढवायला तो दोन दिवस आला, मुकाट्यानं राबला आणि जेवायच्या वेळी घरी गेला. लालासाहेब सोप्यात बसत, पण तंटे घेऊन येणारी माणसं हळूहळू कमी झाली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तरी गावाला वास लागला होता.

भाऊसो सामान हलवत होता, आणि शालूबाईशी दिवसाला चार शब्द बोलत होता. एकदा विहिरीवर तो तिची क्षमा मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटला. ती कळशी भरत राहिली. मग म्हणाली, तुमी सांगलीत माझी पाठ वळखली, त्यात काय इशेष. पाठ कुनी बी वळखंल, मला वळखाय पायजे हुतं. त्यावर तो तिथंच काठावर बसून राहिला, आणि संध्याकाळी पहिल्यांदा तिनं वाढलेलं सगळं जेवला. त्यांचं दोघांचं पूर्वीसारखं व्हायला पुढची दोन वर्षं गेली.

चित्र अजून जुन्या घरातच होतं. एके दिवशी उरलेली भांडी न्यायला शालूबाई एकटी आली होती, तेव्हा नाथाजी सतरंजी घेऊन आला. सांगलीत परत न्यायचं होतं ते. तिला बघून तो दारातच थांबला.

“वैनी, मला माफ करा,” तो म्हणाला. “मला सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हनून काढलं.”

शालूबाई कढई पुसत होती. कढई खाली ठेवून ती चित्रापुढं आली. त्या दिवशी सासूच्या मागून तिला ते धड दिसलंही नव्हतं. आता तिनं सावकाश बघितलं. दार, पत्रा, सासूच्या लुगड्याचं ठिगळ. सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर की तिला त्या दुपारचा उकाडा आठवला.

“किती दिस लागलं हे काडाय?”

“तीन म्हैनं.”

“तीन म्हैनं,” ती म्हणाली. “भावजी, तुमी माजघरात हुता. खाकरला असता तरी त्यो मानूस पळाला असता. येक हाक माराय किती वेळ लागतो?”

सांगलीत लोकांनी नाथाजीची पाठ थोपटली होती. समाजाचं दुखणं मांडलंत, म्हणाले होते. ते त्याला आता कुठंतरी लपवावंसं वाटलं.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “घरात माझ्यावानी सासूबाईच जाग्या असत्यात. आनि तिसरं मानूस जागं हुतं, रंग जमवत.”

तिनं आणखी टोचलं नाही. हा पोरगा दहा वर्षांचा असताना ती लग्न होऊन आली होती, त्याच्या शाळेच्या सदऱ्याला तिनं गुंड्या लावल्या होत्या. ती पुन्हा चित्राकडं वळली, आणि तिच्या कपाळावर आठी आली.

“हात चुकल्यात,” ती म्हणाली.

नाथाजीनं वर बघितलं. हात काढायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. मांडीवर सोडलेले, उताणे, रिकामे. परीक्षकांनी त्या हातांचं मुद्दाम कौतुक केलं होतं. त्यानं विचारलं, कसे चुकलेत.

“मोकळं न्हवतं माजं हात. तुमी लांबनं बगितलं, तुमाला दिसलं नसंल.” तिनं उजवी मूठ पोटाशी धरून दाखवली. “पदराखाली इळा हुता. रोजच असायचा. पाजळून ठेवलेला. सासूबाईंचा डोळा खरंच लागला तर काय, म्हनून.”

नाथाजी चित्राकडं बघू लागला. तीच पाठ, तीच किंचित वाकलेली मान. त्यानं ती भेदरलेली म्हणून काढली होती, सांगलीकरांना ती वाट बघणारी वाटली होती. आता ती दबा धरलेली दिसायला लागली. मान वळवली नव्हती, कारण कान मागं लावले होते. उठली नव्हती, कारण तो उंबरा ओलांडेल त्या क्षणाला उठायचं होतं.

“मी दुरुस्त करतो,” तो घाईनं म्हणाला. “एका दिवसाचं काम हाय. इळ्याचं नुसतं टोक दावलं तरी...”

“नगं.”

“पर खोटं राहिलं की, वैनी.”

“ऱ्हाऊ द्या. तुमाला तेवढंच दिसलं, तुमी तेवढंच काडलंत.” तिनं भांड्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि चुंबळ नीट केली. “टोक दावलं तर लोक म्हंतील, बक्षीस लागाय म्हनून घातलंय.”

ती बाहेर पडली. सोप्यात लालासाहेब बसले होते. तिनं पदर ओढला नाही, पाऊल जलद केलं नाही. त्यांनी मान खाली घातली. ती त्यांच्या समोरून, भर दुपारच्या उन्हात, मळ्याच्या वाटेला लागली.

नाथाजी चित्रापुढं कितीतरी वेळ सतरंजी हातात घेऊन उभा राहिला. मग त्यानं ते गुंडाळलं, पण सांगलीला नेलं नाही.

ज्या वर्षी तो वारला, त्या वर्षी त्याच्या खोलीत चौकटीवर चौकट रचून ठेवलेली साठसत्तर चित्रं निघाली. सगळी बायकांची होती, आणि प्रत्येकीच्या हातात काही ना काही होतं.